अष्टक पूर्ण असताना झेनॉन फ्लोरीनशी संयोग कसा करतो?

पाटीपेन्सिल: पुस्तकात एकच ओळ असते: बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन, म्हणून राजवायू निष्क्रिय. मग हेलियम दोनच इलेक्ट्रॉनांवर सगळ्यांत निष्क्रिय कसा? आणि आठ असूनही झेनॉनची फ्लोराइडं का बनतात? ‘अष्टक पूर्ण’ हे कारण आहे की नुसतं वर्णन?

कक्षक: वर्णनच. कारण ऊर्जेत शोधा. आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या एका आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना प्रोटॉन वाढतात, पण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरत जातात आणि एकमेकांना केंद्रकापासून नीट झाकत नाहीत. त्यामुळे आवर्ताच्या शेवटी केंद्रकाची ओढ सर्वाधिक. निऑनचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला २०८१ किलोज्यूल प्रति मोल लागतात, त्याच्या पुढच्याच सोडियमचा ४९६ मध्ये निघतो. हेलियमला तर २३७२, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांत जास्त; त्याच्या कवचात जागाच दोघांची.

इलेक्ट्रॉन घेणंही परवडत नाही, कारण नवा इलेक्ट्रॉन पुढच्या, लांबच्या कवचात बसवावा लागतो आणि तिथे ओढ फारशी पोचत नाही. भागीदारी करायची तर एकटा इलेक्ट्रॉन शिल्लक नाही. दोन हेलियम अणू जवळ आणले तर दोन इलेक्ट्रॉन बंध जोडतात आणि दोन तोच बंध मोडतात. मोडणाऱ्यांतला एक काढून घ्या, अर्धा बंध उरतो. तसा धन आयन खरोखर बनतो.

शुष्कनळी: झेनॉनपर्यंत खाली आलात की पकड सैल होते: ११७० किलोज्यूल. क्लोरीनलाही १२५१ लागतात! ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जाही झेनॉनच्या जवळपासच आहे, आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड त्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढतं हे दिसल्यावर रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी १९६२ साली झेनॉनवर तोच प्रयोग केला.

बाकी बंधऊर्जेची बेरीज-वजाबाकी. फ्लोरीनचा रेणू तोडायला साधारण १५८ लागतात. झेनॉन डायफ्लोराइडमधले दोन बंध मिळून सुमारे २६६ परत देतात. क्रिप्टॉनचे दोन बंध जेमतेम १०० देतात, म्हणून क्रिप्टॉन डायफ्लोराइड अतिशीत तापमानाला विद्युतविसर्गाने बनवतात आणि ते खोलीच्या तापमानाला हळूहळू विघटित होतं.

झेनॉन डायफ्लोराइड कोरड्या काचेच्या फ्लास्कमध्ये नुसत्या सूर्यप्रकाशातही तयार होतं. फ्लास्क दमट राहिला की घोळ: हायड्रोजन फ्लोराइड बनून काच खायला लागतो. झेनॉन हेक्झाफ्लोराइडला पाणी लागलं तर त्याहून वाईट, कारण मिळणारं झेनॉन ट्रायऑक्साइड कोरडं झालं की स्फोटक.

पाटीपेन्सिल: मग वेल्डिंगमध्ये हवा दूर ठेवायला आर्गॉनच का, स्वस्त नायट्रोजन का चालत नाही? तोही निष्क्रियच म्हणतात.

टिगवाला: त्याची निष्क्रियता वेगळी. नायट्रोजनचा अणू चांगलाच क्रियाशील आहे, फक्त तिहेरी बंधात अडकलाय. तो तोडायला सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विद्युत ज्योतीच्या, तापमानात तो तुटतो आणि तापलेलं टायटॅनियम नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. मॅग्नेशियम तर नायट्रोजनमध्ये जळतंही. आर्गॉनमध्ये तुटायला बंधच नाही, आणि आर्कमध्ये आयन झाला तरी इलेक्ट्रॉन परत घेऊन पुन्हा आर्गॉनच. टायटॅनियमवर टॉर्च थांबवल्यावरही गॅस लगेच बंद करू नका, आणि जोडाच्या मागच्या बाजूलाही आर्गॉन द्या. जोड चंदेरी राहिला तर ठीक. निळा किंवा राखाडी झाला तर हवा शिरली आहे. नुसता घासून रंग घालवण्यात अर्थ नाही, तो भाग कापून काढा.