कोळशाचे पोतेही आता धोकादायक माल

धोकादायक मालाच्या वाहतुकीचे हवाई आणि सागरी नियम एकाच वेळी बदलतात, असे म्हटले जाते; ते पटत नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते. सागरी वाहतुकीच्या आयएमडीजी या आंतरराष्ट्रीय संहितेत मात्र दोन वर्षांनी दुरुस्ती होते आणि ती आधी वर्षभर ऐच्छिक असते. चर्चेत बॅटऱ्यांचाच बोलबाला असला, तरी सागरी बाजूचा मोठा बदल साध्या लाकडी कोळशाचा आहे: पूर्वी स्वयंतापन चाचणीच्या (माल आपोआप तापतो का, हे पाहणाऱ्या) दाखल्यावर तो या नियमांतून सूट मिळवून जाई, पण १ जानेवारी २०२६पासून बंधनकारक झालेल्या संहितेच्या ४२-२४ क्रमांकाच्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. आता उत्पादनानंतर चौदा दिवस थांबणे, भरताना तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नसणे आणि कंटेनरच्या छताखाली ३० सेंटिमीटर जागा मोकळी सोडणे आवश्यक आहे. शेवटची अट भरणाऱ्यांना हमखास खटकते, कारण तेवढा माल कमी बसतो.