अणुभट्टी ‘क्रिटिकल’ झाली, हे मराठीत कसं लिहायचं?

राजारामपुरी: शाळेच्या प्रदर्शनासाठी भारतातल्या अणुविजेवर फलक करतोय. तारापूर 1969, पुढं 2047 पर्यंत 100 गिगावॉटचं उद्दिष्ट, सगळं बसलं. अडलंय एका ओळीवर: ‘काक्रापारची तिसरी अणुभट्टी जुलै 2020 मध्ये क्रिटिकल झाली.’ एका मुलीनं ‘भट्टीची अवस्था गंभीर झाली’ असं लिहून आणलं. तिला तरी काय बोलणार? दवाखान्यात क्रिटिकल म्हणजे गंभीरच.

शब्दवेध: ‘क्रांतिक’ लिहा. क्रांतिक तापमान, क्रांतिक कोन पाठ्यपुस्तकात आहेतच. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. आपली संक्रांतही त्यातलीच. मुळात ‘भट्टी’ हाच शब्द चुकीचा आहे. तिथं काहीही जळत नाही.

फाउंड्रीवाला_शिरोली: जळत न्हाई म्हणून भट्टी न्हाई? आमच्या इंडक्शन भट्टीत कुठं जाळ असतो? कॉइलमधनं वीज जाते, भंगार आतल्या आत लाल होऊन वितळतंय. ना कोक, ना धूर. तरी सगळी शिरोली भट्टीच म्हणते. कामावरच्या माणसानं धरलेला शब्द असा सोडवायचा नसतो.

शब्दवेध: उद्या चुलीलाही भट्टी म्हणाल. रूढीला काही सीमा हवी की नको?

कागलकर: आधी अर्थ बघूया. एक अणुकेंद्रक फुटलं की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यातला सरासरी एक पुढचं केंद्रक फोडायला लागला की साखळी आपली आपण चालते. तेवढंच क्रिटिकल. वीज त्यानंतर; काक्रापार-3 ग्रिडला जोडली जानेवारी 2021 मध्ये. म्हणून ‘सुरू झाली’ लिहिलंत तर खोटं ठरेल. मी ‘भट्टीनं साखळी धरली’ असं लिहीन.

फाउंड्रीवाला_शिरोली: हे बेस्ट. वाचल्या वाचल्या कळतंय.

शब्दवेध: परीक्षेत ‘साखळी धरली’ लिहून मार्क कोण देणार?

पंचगंगाकाठ: फलकावर ‘जड पाणी’ असेल तर तेही बघा. आमची आजी बोअरच्या पाण्याला जड म्हणायची. त्यात तूरडाळ शिजायची नाही, भांड्याला पांढरा थर धरायचा. काक्रापारला जड पाणी वापरतात हे वाचून वडिलांना वाटलं, क्षाराचंच पाणी. खरं तर त्यातला हायड्रोजनच वजनदार, ड्यूटेरियम. लिटरला साधारण 1.1 किलो भरतं. न्यूट्रॉनचा वेग ते कमी करतं, म्हणून आपल्याला नैसर्गिक युरेनियमवर भागवता येतं.

शब्दवेध: बोअरच्या पाण्याला दुष्फेन म्हणावं. जड हे फक्त ड्यूटेरियमचं.

फाउंड्रीवाला_शिरोली: दुष्फेन? आमच्या गल्लीत एकानं तरी म्हणून दाखवावं. आजीचा शब्द आधीचा हाय. बदलायचाच तर शास्त्रवाल्यांनी बदलावा.

कागलकर: आजीचा ‘जड’ पचायला, यांचा ‘जड’ तराजूवर. दोन्ही राहू देत की.

शब्दवेध: एका फलकावर एका शब्दाचे दोन अर्थ? मला पटत नाही.