मठातल्या महत्त्वाकांक्षी बायकांच्या कादंबऱ्या: तुम्हाला आवडतात का?

रानजाई
मला प्रचंड आवडतात. बिंगेनच्या हिल्डेगार्डचंच बघा. जर्मनीतली, जन्म १०९८चा, आईवडिलांनी देवाला वाहिलेली पोर. १११२मध्ये डिसिबोडेनबर्गच्या मठात भिंतीआड गेली. पन्नाशीच्या आसपास तिने हट्ट धरला, आपल्या जोगिणींचा वेगळा मठ हवा, ऱ्हाइनकाठी रुपर्ट्सबर्गला. मठाधिपती कुनो नाहीच म्हणाला. ती अंथरुणाला खिळली. कुनोने स्वतः येऊन तिचं डोकं उचलून पाहिलं, जोर लावला, तसूभर हलेना. मग कुठे परवानगी मिळाली! ११५०च्या सुमारास वीसेक जोगिणी घेऊन ती निघाली. असा प्रसंग कादंबरीत आला की पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही.

जुनीपानं
आणि मला नेमकं तिथेच खटकतं. लेखक ते दुखणं डाव म्हणून रंगवतात. ती मात्र देवाची आज्ञा पाळायला उशीर झाला म्हणून हे भोग आले असं मानत होती. श्रद्धा काढून टाकली तर उरते ती बढतीसाठी भांडणारी आजची बाई, फक्त झगा बाराव्या शतकातला.

रानजाई
श्रद्धा काढा असं कुठे म्हणतेय मी? तिच्यात दोन्ही होतं. ११५१मध्ये तिची जिवाभावाची रिखार्डिस दुसऱ्या मठाची प्रमुख म्हणून निवडली गेली, तर हिने थेट पोपपर्यंत पत्रं धाडली, तिला माझ्यापासून नेऊ नका म्हणून. स्वतः कुनोशी भांडून बाहेर पडली आणि रिखार्डिसला मात्र सोडवेना. पुढच्याच वर्षी ती पोरगी वारली. हे दुःख मला कादंबरीनेच जाणवून दिलं.

पायवाट
तेंग्सविंडचं पत्र कुणी वाचलंय का? आंडरनाखची मठप्रमुख. तिने विचारलं, तुमच्याकडे फक्त खानदानी घरातल्या मुली का घेता? येशूने तर गरीब कोळी जवळ केले. हिल्डेगार्डचं उत्तर: बैल, गाढवं, मेंढ्या, बकऱ्या एकाच गोठ्यात कोण कोंडतं? जातीचे चटके बसलेल्या घरातली आहे मी, हे वाचून पोटात ढवळलं. नायिका करायची तर हेही लिहा.

रानजाई
पटलं. हे वगळणारी कादंबरी अर्धवटच.

जुनीपानं
पायवाट, अगदी बरोबर. आणि रानजाई, मला तिची कादंबरी नकोय असं नाही. ११७८ घ्या. चर्चने बहिष्कृत केलेल्या माणसाला तिने मठाच्या आवारात पुरू दिलं. तो मरणापूर्वी चर्चशी समेट करून गेला होता, असं तिचं म्हणणं. प्रेत उकरायला नकार दिला म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी मठातलं गाणंच बंद केलं. जिने आयुष्यभर चाली बांधल्या तिने ऐंशीव्या वर्षी प्रार्थना पुटपुटून म्हणायच्या! तिने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं: देवाची स्तुती विनाकारण थांबवणाऱ्यांना देवदूतांच्या गाण्यात जागा मिळणार नाही. ११७९मध्ये बंदी उठली, त्याच सप्टेंबरात ती गेली. दारं लावून, आवाज दाबून प्रार्थना म्हणणाऱ्या त्या बायकांवर कुणी लिहिलं, तर मी रात्रभर जागून वाचेन.