करायला गेले टोपी, झालं टोपरं!! मदत करा प्लीज

विणकामातली_ढ

नमस्कार मंडळी, विणकामात मी अगदीच ढ आहे हे आधीच सांगून टाकते. नवरा डिसेंबरच्या शेवटी मित्रांबरोबर केदारकंठाला चाललाय, साडेबारा हजार फूट, बर्फ असणार, आणि मी उत्साहाच्या भरात बोलून बसले की टोपी विकत आणू नकोस मी विणते. आता तीन आठवडे उरलेत आणि टोपी काही टोपीसारखी होत नाहीये.

झालं असं की यूट्यूबवर एका अमेरिकन बाईंचा 'नवशिक्यांसाठी सोपी टोपी' असा व्हिडिओ बघितला. त्या म्हणाल्या ८ नंबरची सुई घ्या, ८० टाके घाला, आधी थोडी रिब (म्हणजे सुलट-उलट टाक्यांची ताणली जाणारी पट्टी), मग सगळं फक्त सुलट. मी गावात जाऊन काळी लोकर आणली, दुकानातल्या काकांकडे ८ नंबरच्या सुया मागितल्या, त्यांनी लांब सरळ दोन सुया दिल्या (व्हिडिओत बाईंच्या दोन सुया मध्ये वायरने जोडलेल्या होत्या पण म्हटलं काय फरक पडतो, सुई ती सुई). रिब जमेना म्हणून ती गाळली आणि सरळ सुलट सुरू केलं. तर

एक, सहा इंच विणून झाल्यावर पट्टी मोजली तर जेमतेम १५ इंच. नवऱ्याचं डोकं साडेबावीस!! दोन, बाईंची टोपी गुळगुळीत, इंग्रजी व्ही व्ही व्ही अशी नक्षी दिसते, माझी आडव्या वळ्या वळ्यांची, पायपुसण्यासारखी. तीन, हे तर भुताटकीच आहे, ८० टाके घातले होते ते मोजले तर आता ८७ आहेत. मी एकही वाढवला नाही शपथेवर सांगते.

सासूबाई म्हणतात उसव. उसवून परत तेच होणार असेल तर काय उपयोग म्हणून इथे विचारतेय.

रानवाटा

नवऱ्याला टोपी घालायला एवढे कष्ट? बाकीच्या बायका सहज घालतात :)

सुलट_उलट

अगं ढ वगैरे काही नाहीस, पहिल्या टोपीत या तिन्ही चुका सगळ्यांच्या होतात, माझ्याही झाल्यात. मी नाशिकची, चाळीस वर्षं विणतेय, आमच्याकडे थंडी चांगली पडते त्यामुळे घरात सुया कायम बाहेरच असतात.

पहिली गोष्ट सुईची. त्या बाई म्हणतात तो ८ नंबर अमेरिकेचा, म्हणजे ५ मिलीमीटर. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात ८ म्हणजे ४ मिलीमीटर. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडची मोजणी उलटी चालते, अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे नंबर वाढला की बारीक. त्यांचा ८ हवा असेल तर आपल्याकडे ६ मागायचा, त्यांचा ६ म्हणजे आपला ८. म्हणून नंबर विसर, कायम मिलीमीटर विचार. बहुतेक सुयांच्या बुडाला टोपण असतं त्यावर लिहिलेलं असतं. शिवाय तुझी लोकरही त्यांच्यापेक्षा बारीक असणार. बारीक सुई, बारीक लोकर, मग ८० टाक्यांत तान्ह्या बाळाचंच टोपरं होणार ना. दुकानदाराची काही चूक नाही, तू मागितलं ते त्याने दिलं.

दुसरं, वळ्या. त्यांची सुई गोल. गोल विणताना काम उलटवायचं नसतं, सुलट बाजू सतत आपल्यासमोर, म्हणून फक्त सुलट विणलं की व्ही येतात. तू सरळ सुयांवर प्रत्येक ओळीनंतर काम उलटवतेस, मग एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट आणि एक सुई उलट अशी विणायला हवी. सगळ्याच सुलट विणल्या की वळ्या येणारच. ती वीणही वाईट नसते हो, मफलरला छान, कडा वळत नाहीत. पण तुला हवी ती नाही.

तिसरं, तुझी भुताटकी. ओळ संपवून काम उलटवलंस की लोकर कुठे असते बघ. ती सुईवरून मागे टाकलीस तर कडेचा पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात, आपण दोन्ही विणतो, झाला एक टाका जास्त. लोकर सुईच्या खालून मागे न्यायची. आणि मध्येच मोठं भोक दिसत असेल तर तिथे लोकर पुढे राहून सुईवर वेढा पडलाय.

सासूबाई बरोबर सांगतायत. उसव.

विणकामातली_ढ

अरे देवा. म्हणजे तिन्ही चुका माझ्याच. कडेचा टाका आत्ता बघितला, अगदी तसंच होतंय!! मावशी तुम्हाला साष्टांग नमस्कार. (मावशी म्हटलं तर चालेल ना?)

पण आता गोल सुई आणू का? आणि टाके किती घालू?

थंडीत_कुडकुड

मी घालतो भर. मी स्कॉटलंडमध्ये असतो, लॉकडाऊनमध्ये घरी बसून विणकाम शिकलो, आता मित्रमंडळींत सगळ्यांच्या डोक्यावर माझ्याच टोप्या आहेत. गोल सुईच घ्या. शिवण नाही, रिब संपली की उलट टाका नाही, टीव्ही बघत बघत गोल गोल जायचं. फक्त सुईची लांबी टोकापासून टोकापर्यंत १६ इंच हवी, दुकानात बऱ्याचदा स्वेटरवाली ३२ इंची देतात, त्यावर टोपीचे टाके ताणून पण गोल पूर्ण होत नाही. आणि गोल जोडताना सगळे टाके सुईवर एकाच दिशेला तोंड करून आहेत हे तीनदा बघा, एक जरी पीळ राहिला तर तो पुढे निघत नाही. मी पहिल्यांदा पाच इंच विणल्यावर बघितलं तर हातात जिलबी. वर टाके कमी झाले की १६ इंची सुईही पुरत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या चार-पाच छोट्या सुयांवर यायचं.

सुलट_उलट

मावशी चालेल, काकू पण चालेल.

वरच्या दादांचं बरोबर आहे पण तुझ्याकडे तीन आठवडे आहेत आणि त्या चार-पाच सुया म्हणजे साळिंदर हातात धरल्यासारखं होतं, नवीन माणसाच्या सुया टाक्यांतून सटकतात. आहेत त्या सरळ सुयांवर पट्टी विण आणि मागे शिवून टाक. आमच्या पिढीने पोरांच्या सगळ्या टोप्या अशाच केल्या, कोणाला शिवण दिसली नाही.

टाके मी सांगून उपयोग नाही, तुझा हात सांगेल. २५-३० टाके घालून एक सुई सुलट एक उलट असा चार इंचाचा नमुना विण. सुईवरून उतरव, हाताने न ओढता सपाट ठेव, मधल्या चार इंचांत किती टाके बसतात ते मोज. कडेचे मोजू नकोस. समज २२ बसले, म्हणजे इंचाला साडेपाच. टोपी डोक्यापेक्षा दोन इंच लहान करायची म्हणजे ती धरून राहते. साडेबावीसमधून दोन गेले साडेवीस, मला सोपं पडतं म्हणून वीस धरते. वीस गुणिले साडेपाच, ११० टाके.

हा आकडा तुझ्या नशिबाने फार चांगला आहे. पहिला आणि शेवटचा टाका शिवणीत जाणार, मध्ये राहिले १०८. रिब सगळ्या ११० टाक्यांवर दोन सुलट दोन उलट अशी कर, सुरुवात दोन सुलटने आणि शेवटही बरोबर दोन सुलटवर येतो. परतीच्या ओळीत डोकं चालवायचं नाही, समोर जसा टाका दिसतो तसा विणायचा. शिवल्यावर दोन्हीकडचा एकेक टाका आत जाऊन दोन सुलट उरतात, रिब सलग दिसते.

रिब गाळू नकोस हं. रिब नसली तर खालची कड गुंडाळत वर जाते आणि कान उघडे पडतात. बर्फात जायचंय त्याला, म्हणून चांगली पाच इंच रिब कर म्हणजे अडीच इंच दुमडून कानावर डबल येईल. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यावर घाल आणि मग एक ओढून काढ, नाहीतर कड करकचून घट्ट होते आणि कपाळावर वळ उठतो.

सुरुवातीपासून साडेआठ इंच झालं की टाके घटवायला लाग. कडेचा टाका साधा विणायचा, मग दहा सुलट आणि दोन टाके एकत्र विणायचे, दहा सुलट दोन एकत्र, असं नऊ वेळा, शेवटी कडेचा टाका. परतीची सुई साधी उलट. पुढच्या सुलट सुईला नऊ आणि दोन एकत्र, मग आठ, मग सात, असं खाली यायचं. शेवटी ११ टाके उरतील, लोकर लांब ठेवून कापायची, जाड सुईत ओवून त्या टाक्यांतून काढायची आणि आवळायची. त्याच धाग्याने खाली शिवत यायचं. दुमडायचा भाग आला की शिवण दुसऱ्या बाजूने घालायची, नाहीतर दुमडल्यावर शिवण बाहेर दिसते, हे कोणी सांगत नाही.

लोकरीचा_गुंता

मावशींनी सगळं सांगितलंय, मी फक्त लोकरीबद्दल बोलते. काळी लोकर पहिल्या कामाला कोणी घेतं का बाई!! टाके दिसत नाहीत, रात्री दिव्याखाली तर अजिबात नाही, टाका गळला तर चार ओळी खाली गेल्यावर कळतं. फिकट राखाडी घे नाहीतर नारिंगी, बर्फात लांबून दिसेल तरी. १०० ग्रॅममध्ये टोपी व्हावी पण एक गुंडा जास्तीचा घे आणि सगळ्या गुंड्यांवर लॉट नंबर एकच आहे ना बघ, नंतर आणायला गेलं की त्याच रंगाची छटा वेगळी येते.

आणि आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बरीचशी ॲक्रिलिकच असते, मेंढीचा संबंध नसतो. वाईट नाही, धुवायला सोपी, टोचत नाही. पण त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, वीण मेल्यासारखी चपटी होते आणि परत उठत नाही, माझं एक आख्खं स्वेटर तसं गेलंय. खऱ्या लोकरीचं उलट, ती गरम पाण्यात घालून चोळली की आक्रसून घोंगडी होते.

टाका गळलाच तर उसवू नका, क्रोशाचा हुक घालून शिडीसारखा एकेक दांडा वर उचलत आणायचा.

रानवाटा

आता सिरियसली. मी हिवाळ्यात केदारकंठा केलाय. हाताने विणलेली टोपी उबदार असते पण वारा विणीतून सरळ आत येतो, माथ्यावर वारा लागतो तेव्हा कान सुन्न होतात. आतून फ्लीसच्या कापडाची चार इंची पट्टी शिवून घ्या, कानावरून जाईल अशी, जुन्या जॅकेटचं कापड चालेल. टोपी जराशी ताणून धरून पट्टी शिवा नाहीतर नंतर टोपी ताणली जाणार नाही आणि डोक्यात जाणार नाही. दुसरं म्हणजे माथ्यावर अंधारात निघतात, हेडटॉर्चचा पट्टा टोपीवरून येतो, त्यामुळे दुमडलेली कड फार फुगीर नको.

बाकी दर थंडीत तिबेटी लोक स्वेटर-टोप्या घेऊन बसतात तिथून एक बॅकअप आणून ठेवा, नवऱ्याला सांगू नका.

थंडीत_कुडकुड

अवांतर: इंग्लंडमध्ये १५७१ साली कायदाच होता की सहा वर्षांवरच्या बहुतेक सामान्य लोकांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी देशी लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दंड. टोप्या विणणाऱ्यांचा धंदा चालावा म्हणून. उमराव लोकांना सूट होती अर्थात. १५९७ मध्ये रद्द केला.

विणकामातली_ढ

दहा दिवसांनी येतेय, सॉरी. उसवलं!! सासूबाईंनी समोर बसून गुंडा करून दिला आणि मग स्वतःच नमुना विणून दाखवला, मला माहीतच नव्हतं त्यांना विणता येतं, म्हणाल्या तू विचारलंस कुठे. काळी लोकर त्यांना दिली, आता राखाडी आणली. माझ्या नमुन्यात चार इंचांत २२ टाके बसले, मावशी तुम्हाला कसं कळलं?? ११० घातले, प्रत्येक सुईनंतर मोजतेय, ११० च आहेत. रिब झाली, साधं विणून झालं, घटवणं चालू आहे, आता सात सुलट दोन एकत्र वर आलेय. एकदा टाका गळला होता, हुकने उचलला, थोडा तिरका दिसतोय पण मागच्या बाजूला येईल.

प्रश्न एवढाच की वर गोंडा लावू का? मला फार आवडतो पण नवरा म्हणतो माकडासारखा दिसेन.

सुलट_उलट

कळलं कसलं, त्या जाडीच्या लोकरीला बऱ्याच जणींचे तेवढेच येतात.

गोंडा लाव की. चार बोटांवर ऐंशी-नव्वद वेढे घे, बोटांतून काढून मध्ये त्याच लोकरीने आवळ, दोन्हीकडचे फासे काप, गोल छाट. बांधायचा दोरा मात्र दुहेरी घे, एकेरी तुटतो आणि गोंडा झडतो. दोऱ्याची टोकं टोपीच्या आत नेऊन आतून गाठ मार.

रानवाटा

गोंडा असला तर वरून जॅकेटचं हूड नीट बसत नाही. अनुभव.

सुलट_उलट

मग आतली गाठ सुरगाठ ठेव. ट्रेकला जाताना सोडायची, घरी आला की परत बांधायची.

विणकामातली_ढ

हे बेस्ट आहे. सासूबाई काळ्या लोकरीची दुसरी विणतायत, त्यांची माझ्या आधी होणार असं दिसतंय.