न्यायबंद्यांच्या मदतीला विधी शाखेचे विद्यार्थी : कुठवर जाऊ द्यावे?

धागाकर्ता, विधी विद्यार्थी (लातूर) :
विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तरीही मराठवाड्यातील एका कारागृहाच्या विधी सहाय्य केंद्रात मला भेटलेल्या न्यायबंदी (खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या) ऊसतोड कामगाराला आपला वकील कोण, हेच ठाऊक नव्हते. त्याच्या खिशात चार घड्या घातलेली चिठ्ठी होती. तिच्यावर केवळ पुढची तारीख होती, खटल्याचा क्रमांकही नव्हता. तो क्रमांक शोधून वकिलापर्यंत पोहोचवण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. अशी कामे विद्यार्थ्यांकडे नियमितपणे सोपवावीत, असे माझे मत आहे.

फौजदारी वकील (नांदेड) :
हेतू चांगला आहे, पण माझा विरोध आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 नुसार वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते आणि ते संरक्षण वकिलाचा दुभाषी, कारकून व कर्मचारी यांनाही मिळते. महाविद्यालयाने परस्पर पाठवलेला विद्यार्थी यांपैकी कोणातही बसत नाही. महिनोन्‌महिने कोणी विचारपूस न केलेला माणूस समोर आपुलकीने बोलणारा मुलगा दिसताच कुऱ्हाड कोणत्या विहिरीत टाकली तेही सांगून मोकळा होईल, आणि उद्या त्याच मुलाला साक्षीसाठी समन्स निघाले तर तो काय करणार?

दुसरे म्हणजे अर्धवट ज्ञान. फौजदारी प्रक्रियेचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर त्याला सोडण्याची तरतूद आहे, हे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतात. मात्र फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे त्यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास तो लाभ मिळत नाही, हे पुढचे वाचायचे राहून जाते. खोटी आशा लावण्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

वाचक (बीड) :
माझ्या भावाला जामीन मंजूर झाला, तरी ऐपतदार जामीनदार मिळेना म्हणून तो आतच होता. जामीन मिळूनही बंदी सात दिवसांत सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितले आहे, हे आम्हाला एका विद्यार्थिनीने सांगितले. मामांचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला मिळवण्यासाठी ती आईबरोबर दोन दिवस तहसिलीत बसली. वकीलसाहेब, त्या बाकावर तुमच्यापैकी कोणी बसले असते का? राग मानू नका.

धागाकर्ता :
गोपनीयतेचा मुद्दा मला मान्य आहे. विद्यार्थ्याने घटनेविषयी एकही प्रश्न विचारू नये, बंदी स्वतःहून बोलू लागल्यास त्याला थांबवावे, आणि कलम 479 चा हिशेब बंद्याला न सांगता थेट वकिलाकडे द्यावा. पण ‘गप्प बसलेले बरे’ हे मला पटत नाही. खिशातली ती चिठ्ठी गप्पच होती.

फौजदारी वकील (नांदेड) :
बीडच्या ताई, त्या बाकावर बसलो नसतो, हे कबूल करतो. मात्र विद्यार्थी विधी सहाय्यातून आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या हाताखाली लेखी नेमणुकीने काम करणार असेल, तरच मी संमती देईन. आणि सत्र परीक्षा आल्यावर मुले महिनाभर फिरकत नाहीत, त्या महिन्यातल्या तारखांचे काय?

धागाकर्ता :
त्याचे उत्तर आज आमच्याकडे नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे तारखांची नोंदवही सोपवण्याचा विचार आहे, पण त्यांच्याही परीक्षा त्याच महिन्यात असतात.