मेटल डिटेक्टर: खणलं की सिग्नल गायब! मदत हवी आहे

बागेत हौसेखातर मेटल डिटेक्टर फिरवतोय, तिसरीच वेळ. परवानगी घेतली आहे, पण खड्डा 15 सेंमीच्या वर नको आणि गवताचा तुकडा होता तसा परत बसवायचा, या अटीवर.

मशीन साधं, एकाच फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ (खूप कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं). एका झाडाखाली स्क्रीनवरचा आकडा (धातू कोणता असावा याचा अंदाज देणारा) 60 ते 85 असा उड्या मारतो. एका बाजूने फिरवलं की खणखणीत आवाज, तिथेच काटकोनात वळून फिरवलं की नुसती गुरगुर. खणलं, माती बोटांनी चाळली, हाती आला तांबूस गंजाचा चुरा. मग सिग्नलच नाही!

सेन्सिटिव्हिटी कमी करून पाहिली, ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा परिणाम काढून टाकणारी सेटिंग) पुन्हा केला, मोबाइल बंद ठेवला. वरून विजेची तार जात नाही. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळणारी सेटिंग) मुद्दाम वाढवलं नाही. डब्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या गाळायच्या नादात सोन्याची अंगठीही गाळली जायची, आकडे जवळपास सारखेच असतात. (अंगठी सापडेल तेव्हा सापडेल.)

हा गंजका खिळाच होता, की खणताना नाणं सरकून कडेच्या मातीत उभं राहिलं असेल? पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) नाहीये. असा सिग्नल पुन्हा आला तर खणण्याआधीच लोखंड कसं ओळखायचं?