बाहत्तरच्या दुष्काळाने आईचे म्हातारपण सोपे केले का?

धागालेखिका :
माझी आई बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातली. १९७२ साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या दुष्काळी कामांवर तिने माती वाहिली, खडी फोडली, वाटपात मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडे पोषक खाद्य, खाल्ली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या न जुळणाऱ्या पिठाच्या भाकरी थापल्या. आता ती सत्तरीला टेकली आहे. गुडघे साथ देत नाहीत, वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी म्हातारपणाविषयीची तक्रार मी तिच्या तोंडून ऐकलेली नाही. आठवडाभर नळाला पाणी आले नाही की आमची सगळी इमारत हवालदिल होते, आणि आई मात्र दोन बादल्यांत घर चालवून दाखवते. तिच्याजवळ अडचण मोजण्याचे एक जुने माप आहे आणि त्या मापाने आजची बहुतेक दुःखे लहानच भरतात. म्हणून माझे असे मत झाले आहे की लहान वयात हाल सोसलेली माणसे उतारवयात अधिक समाधानी असतात, आणि ज्यांना आयुष्यभर सगळे हाताशी मिळाले त्यांना म्हातारपण जास्त जड जाते. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद १ :
ताई, आपल्या आईंविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. माझे वडील मुंबईत परळच्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि भोंग्याबरोबर उठणारी माणसे दिवसभर चाळीच्या गॅलरीत बसू लागली. हालच मोजायचे तर ते माझ्या वडिलांनीही कमी सोसले नाहीत. पण त्यांतून त्यांना समाधान मिळाले नाही, कोणत्याही कागदावर सही करताना हात थरथरावा इतका अविश्वास मिळाला. १९८२ साली आपण कामावर होतो हे दाखवणारी हजेरीची कार्डे आणि पगाराच्या पावत्या ते पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवतात. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, तेव्हापासून ती पेटी दर काही महिन्यांनी खाली उतरते, कागद मोजले जातात आणि ती पुन्हा वर जाते. त्यांचे नाव अजून लागलेले नाही.

दुष्काळ आणि संप यांतला फरकही पाहा. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. म्हणजे आपल्या आईंच्या शेजारी अख्खे गाव खडी फोडत होते, आठवड्याला मजुरी हातात पडत होती आणि पाऊस न पडण्याचा दोष कोणाच्या माथी मारण्याजोगा नव्हता. संपात मात्र प्रत्येक दाराआड वेगळी गोष्ट घडली. कोणी गावी गेले, कोणा बाईने खानावळ चालवून संसार ओढला, कोणी गुपचूप कामावर परतले आणि शेजाऱ्यांशी जन्माचे वैर घेऊन बसले. वडील आजही स्वतःलाच विचारतात की आपण परतायला हवे होते का. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी : जे त्या काळात खचले, दारूत बुडाले, लवकर गेले, ते म्हातारपणाविषयी मत द्यायला उरलेलेच नाहीत. आपण उरलेल्यांकडे पाहून हालांचे गुण गातो.

प्रतिसाद २ :
मी मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९२९च्या महामंदीत वाढलेल्या मुलांच्या दोन गटांचा दीर्घकाळ मागोवा घेतलेल्या नोंदी अभ्यासल्या. मंदीच्या वेळी जी मुले कुमारवयात होती, त्यांनी छोटी कामे धरली, घर सावरायला हातभार लावला आणि त्यांतली बरीच पुढे भक्कम उभी राहिली. जी तेव्हा अगदी लहान होती, विशेषतः मुलगे, त्यांना तीच मंदी अधिक जाचली, कारण घरातला ताण त्यांच्यापर्यंत पोहोचत होता आणि त्यावर करण्यासारखे त्यांच्या हाती काहीच नव्हते. सोळाव्या वर्षी मजुरी घरी आणणारी मुलगी आणि एकेचाळिसाव्या वर्षी हातचे काम कायमचे गमावलेला साचेवाला यांना ‘हाल सोसलेली माणसे’ या एकाच नावाखाली बसवता येणार नाही. मात्र पहिल्या प्रतिसादातली निराशाही मला सरसकट मान्य नाही. साठी-सत्तरीनंतर आपल्या आयुष्याची गोष्ट माणूस पुन्हा मांडतो, आणि ती ऐकायला कोणी असेल तर तिचा अर्थ बदलू शकतो.

धागालेखिका :
दोन्ही प्रतिसाद वाचून माझे विधान मी मागे घेत नाही, पण ते फार ढोबळ होते हे कबूल करते. आईच्या समाधानाचे श्रेय मी दुष्काळाला देत होते. ते कदाचित तिच्या हाती पडलेल्या मजुरीचे आणि सोबतच्या बायकांचे असेल.

काल आईला मी प्रथमच धाकट्या मामाविषयी विचारले. तो बाहत्तरच्या उन्हाळ्यात जन्मला. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे, दोन मुले नोकरीला लागली आहेत, तरी तो रात्री उठून गल्ला मोजतो आणि जेवताना ताटातली भाकरी झाकून ठेवतो. आम्ही सगळे त्याला चिकट म्हणत आलो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आम्ही कामावर सुकडी तरी खात होतो गं. त्या लेकराला दूध नव्हतं. आईला पान्हाच फुटत नव्हता.”